खंडित शिक्षण आणि प्रौढ विद्यार्थ्याचे पुनरागमन : मराठी चरित्र-आत्मचरित्रांचे एक वाचन
(वांकिडी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी पाठ्यपुस्तकांत आणि महाविद्यालयांच्या स्वागत समारंभांत एक कथा वारंवार सांगितली जाते. परिस्थितीमुळे एखाद्याचे शिक्षण सुटते, काही वर्षे मोलमजुरीत किंवा संसारात जातात, पुढे ती व्यक्ती पुन्हा शिकू लागते आणि शेवटी पदवी मिळवते. ही कथा सांगताना 'जिद्द', 'चिकाटी' आणि 'ज्ञानलालसा' हे तीन शब्द हमखास येतात. ऐकणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा असेल तर तो टाळ्या वाजवून घरी जातो. परंतु ऐकणारी व्यक्ती पस्तीस वर्षांची असेल, दोन मुलांची आई असेल किंवा दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला कामगार असेल, तर या कथेतून तिच्या वाट्याला वेगळाच अर्थ येतो. जिद्द असेल तर परत येता येते, हे एकदा मान्य केले की जो परत आला नाही त्याच्यात जिद्द नव्हती, असे आपोआप ठरते.

कम्युनिटी कॉलेजांतील प्राध्यापकांसमोर बसणारा विद्यार्थी बहुधा या दुसऱ्या प्रकारातला असतो. म्हणूनच अशा कथांच्या वाचनाची चिकित्सा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात जोतीराव फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महर्षी धोंडो केशव कर्वे, पार्वतीबाई आठवले आणि शांताबाई कांबळे यांच्या चरित्रांतील व आत्मकथनांतील शिक्षणाच्या पुनरारंभाचा विचार केला आहे. त्यानंतर वांकिडी परिसरातील प्रौढ विद्यार्थ्याच्या संदर्भात या वाचनाचा अर्थ तपासला आहे. वांकिडी हे गाव राजुऱ्याकडून आसिफाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते तेलंगणातील कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या चारही भाषांचा वावर असलेल्या या पट्ट्यात 'परत कॉलेजला जाणे' या शब्दांचा अर्थ पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा होतो. तो का होतो, हे शेवटच्या भागात स्पष्ट होईल.

वाचनाची पद्धत म्हणून प्रत्येक कथेला चार प्रश्न विचारले आहेत. शिक्षणात खंड कशामुळे पडला? परतण्याची जागा कोणी राखून ठेवली? शिकण्याच्या काळात घर आणि खर्च कोणी सांभाळला? आणि परतणारी व्यक्ती कोणत्या भाषेत परतली?

शेजाऱ्याची मध्यस्थी : जोतीराव फुले

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. प्राथमिक शाळेतील शिक्षण थोडे झाल्यावर वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढले आणि ते शेतीच्या व बागेच्या कामाला लागले. शूद्राच्या मुलाने अधिक शिकण्यात अर्थ नाही, शिक्षणाने मुलगा कामातून जाईल, असा सल्ला गोविंदरावांना मिळाला होता, असे चरित्रकार सांगतात. १८४१ मध्ये जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांचे तेथील शिक्षण पूर्ण झाले.

मधल्या काळात काय घडले? मुलाची हुशारी शेजारी राहणाऱ्या दोन व्यक्तींच्या लक्षात आली. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि दुसरे ख्रिस्ती अधिकारी लिजिट साहेब. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि मुलगा पुन्हा शाळेत गेला. जोतीरावांच्या बहुतेक चरित्रांत हा प्रसंग आहे. तरीही वर्गात शिकवताना तो एका वाक्यात संपतो आणि पुढची दहा वाक्ये जोतीरावांच्या ज्ञानलालसेवर खर्च होतात. ज्ञानलालसा खरी होती यात शंका नाही. मात्र ती शेतात काम करत असतानाही होतीच. ती असूनही शाळा सुटली होती. शाळा पुन्हा सुरू झाली ती वडिलांशी बोलण्याचा अधिकार आणि विश्वास असलेल्या दोन शेजाऱ्यांमुळे.

येथे खंडाचे कारण विद्यार्थ्याच्या मनात नव्हते. ते घराच्या निर्णयात आणि त्या निर्णयामागील सामाजिक दबावात होते. त्यामुळे उपायही घराच्या दारातच करावा लागला. मुन्शींनी मुलाला उपदेश केला नाही. ते बापाशी बोलले. प्रौढ विद्यार्थिनीच्या बाबतीत आज हाच धडा लागू पडतो. तिच्या प्रवेशाचा निर्णय अनेकदा नवरा, सासू किंवा थोरला दीर यांच्याशी होणाऱ्या बोलण्यावर अवलंबून असतो आणि ते बोलणे कोणीतरी बाहेरच्या, परंतु विश्वासातल्या माणसाने करावे लागते.

पुढे १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा कामावर जाणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना शिकायचे असेल तर शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ज्याचे स्वतःचे शिक्षण कामासाठी थांबवले गेले, त्याने पुढे कामाच्या वेळेला धक्का न लावणारी शाळा काढली. चरित्राच्या वाचनात या दोन घटना एकमेकींजवळ ठेवल्या तर एक वेगळी संगती हाती येते.

राखून ठेवलेली जागा : डॉ. आंबेडकर, १९१७ ते १९२३

प्रौढपणी अर्धवट शिक्षणाकडे परतण्याचे मराठी समाजाला सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये हा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना भारतात परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२० च्या जुलैमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या आणि बॅरिस्टरीही पूर्ण केली.

या तीन वर्षांच्या खंडाचे वर्णन धनंजय कीर व चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रांत तपशिलाने येते. त्यातील एक तपशील प्रौढ शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. लंडन सोडताना बाबासाहेबांनी चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती आणि त्यासाठी प्रा. एडविन कॅनन यांनी शिफारस केली होती. म्हणजे ते अभ्यास सोडून गेले नाहीत. संस्थेच्या दप्तरी ते 'परत येणारा विद्यार्थी' म्हणून नोंदले गेले. परतण्याची एक तारीख होती आणि ती गाठायची होती. १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले ते ही मुदत संपायला वर्षभराहून थोडा अधिक काळ उरला असताना.

दुसरा तपशील पैशांचा. सिडनहॅमच्या दरमहा ४५० रुपये पगारातून त्यांनी बचत केली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज मिळाले. तिसरा तपशील घराचा. या सर्व वर्षांत परळच्या चाळीतील संसार रमाबाईंनी अत्यंत ओढगस्तीत चालवला. परवानगी, बचत, मदत, कर्ज आणि घर सांभाळणारी व्यक्ती या पाच गोष्टींपैकी एक जरी नसती, तरी ती बोट चुकली असती.

या वाचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. व्यवस्थेवर इतका भर दिला तर बाबासाहेबांच्या असामान्य परिश्रमांचे मोल कमी होत नाही काय? परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचवल्यावर तो पुन्हा लिहून सादर करण्याची ताकद कोणतीही परवानगी देऊ शकत नाही, हे खरे आहे. परंतु असे परिश्रम करू शकणारी, तरीही ज्यांची जागा कोणी राखली नाही अशी माणसेही असतात, आणि त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. परिश्रमांचे मोल मान्य करूनही, ते वाया न जाण्यासाठी काय लागले याची मोजदाद करणे हे समीक्षेचे काम आहे.

बाबासाहेबांनी स्वतः ही मोजदाद केली होती असे मानण्यास जागा आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळच्या सत्रात वर्ग भरत. त्यामुळे दिवसा कचेरीत, गिरणीत किंवा दुकानात काम करणाऱ्या तरुणांना आधी तासाला बसून मग कामावर जाता येई. महाविद्यालयाचे वेळापत्रक हा कारकुनी विषय नसून प्रवेशाचाच एक भाग आहे, ही जाणीव त्यात दिसते.

उशिरा उघडलेले दार : कर्वे, पार्वतीबाई आठवले आणि शांताबाई कांबळे

खंड आणि विलंब यांत फरक आहे. काहींचे शिक्षण मध्येच तुटते, काहींचे सुरूच उशिरा होते. महर्षी कर्वे यांच्या 'आत्मवृत्त' (१९१५) या ग्रंथात विलंबाचा एक प्रसिद्ध प्रसंग आहे. मुरुडहून पावसापाण्यात, डोंगर ओलांडून, शंभराहून अधिक मैल चालत ते परीक्षेसाठी साताऱ्याला गेले. तेथे ते वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. १८५८ साली जन्मलेले कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. हा प्रसंग सहसा पायपिटीसाठी सांगितला जातो. वास्तविक त्यात शिकण्यासारखी गोष्ट साताऱ्याच्या टेबलापाशी घडते. चेहऱ्यावरून वय ठरवणाऱ्या एका निर्णयाने मुलाची पायपीट निष्फळ ठरली. जिद्द तेथे पुरेपूर होती. दार उघडले नाही.

पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांचे 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षी लग्न, ऐन विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा आणि शिक्षण जवळजवळ नाही, अशी त्यांची सुरुवात आहे. विशी उलटून गेल्यावर त्या पुण्यात शिकू लागल्या. पुढे कर्वे यांच्या अनाथबालिकाश्रमात त्यांनी अध्यापन केले, व्यवस्था पाहिली आणि निधीसाठी गावोगाव व्याख्याने दिली. इंग्रजी शिकण्याची त्यांची इच्छा आश्रमाच्या कामामुळे वारंवार मागे पडली. १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या त्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे निर्वाहासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले आणि १९२० मध्ये त्या परतल्या.

या कथेचे वाचन केवळ धाडसाच्या अंगाने केले तर दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली म्हणजे वाट आधी कोणीतरी मळलेली होती. पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती. १८९३ मध्ये तिचा कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाली. 'माझे पुराण' (१९४४) हे तिचे आत्मचरित्र. पुण्यात बहिणीचे घर होते, म्हणून देवरुखहून पुण्याला येणे कल्पनेच्या आवाक्यात आले. कुटुंबातील एक व्यक्ती आधी शिकलेली असणे ही दुसऱ्या व्यक्तीसाठी केवढी मोठी सोय असते, हे या दोन आत्मचरित्रांच्या एकत्र वाचनातून दिसते.

दुसरी गोष्ट या दाराच्या मर्यादेची. आश्रमाचे दार सुरुवातीच्या काळात उच्चवर्णीय विधवांपुरतेच उघडे होते. त्यामुळे पार्वतीबाईंची वाट सर्वांची वाट म्हणून सांगता येत नाही. परतण्याची सोय कोणासाठी होती, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

तो प्रश्न शांताबाई कांबळे यांच्या 'माझ्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) या आत्मकथनापाशी आणून सोडतो. १९२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे दलित कुटुंबात जन्मलेल्या शांताबाई १९४२ मध्ये लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. लग्न व मुले झाल्यावर १९५२ मध्ये त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि त्यांनी दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले. पुढे त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. त्यांचे पुनरागमन आश्रमाच्या किंवा दात्याच्या आधाराने झाले नाही. ते नोकरीच्या चौकटीत झाले. शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली नाही, उलट शिकल्यामुळे नोकरीत पुढची पायरी मिळाली. दलित स्त्रीच्या आत्मकथनात दारिद्र्य आणि अपमान शोधणारे वाचक या तपशिलापाशी थांबत नाहीत. प्रौढ शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तोच मध्यवर्ती आहे. शिक्षणाचा लगेच दिसणारा उपयोग आणि शिकत असताना न तुटणारे उत्पन्न, या दोन अटी पूर्ण झाल्या की संसारी स्त्री वर्गात येऊन बसते.

परतण्याची भाषा : वांकिडी आणि परिसर

आतापर्यंतच्या उदाहरणांत चौथ्या प्रश्नाचे, भाषेच्या प्रश्नाचे, उत्तर फारसे गुंतागुंतीचे नव्हते. वांकिडीच्या परिसरात तोच प्रश्न पहिला ठरतो.

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले होते. घरी मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलणाऱ्याला महाविद्यालय गाठायचे तर उर्दूतून जावे लागे. हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यावर उर्दूचे हे स्थान गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे गेला. वांकिडी आंध्र प्रदेशात राहिले, थोड्या अंतरावरचे राजुरा महाराष्ट्रात आले. एका बाजूला शाळेची आणि कचेरीची भाषा तेलुगू झाली, दुसऱ्या बाजूला मराठी. घरातली बोली मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीचीच राहिली.

त्याआधी याच जिल्ह्यात प्रौढांच्या शिक्षणाचा एक लक्षणीय प्रयोग झाला होता. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. थोडेफार लिहितावाचता येणारे गोंड पुरुष अत्यल्प होते. त्यांनाच हाताशी धरून, ते प्रौढ असतानाच, शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, कारण या भागातील गोंडांचा मराठीशी परिचय होता. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून आणि उर्दू काव्याचे रसिक अभ्यासक म्हणून ठाऊक असलेले सेतुमाधवराव पगडी हेही आदिलाबादच्या गोंडांमध्ये अधिकारी म्हणून वावरले आणि त्यांनी गोंडी व कोलामी या भाषांवर लेखन केले. मारलावाईच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की शिकणाऱ्याला त्याच्या घरच्या भाषेपासून सुरुवात करता आली. १९५६ नंतर तेलुगू माध्यम आले आणि गोंडी पुस्तकांचा हा धागा तुटला. हायमेनडॉर्फ यांनी आपल्या पुढील लेखनात याविषयी खेद नोंदवला आहे.

या इतिहासाचा प्रौढ विद्यार्थ्याशी थेट संबंध आहे. मधल्या वर्षांत विद्यार्थी बदलतो, तशी महाविद्यालयाची भाषाही बदललेली असते. मराठी शाळेत सातवी-आठवी करून थांबलेली स्त्री वीस वर्षांनी तेलंगणातील व्यवस्थेत परत येऊ पाहते तेव्हा समोर तेलुगू किंवा इंग्रजी माध्यम असते. उर्दू शाळेतून आलेल्या मुस्लिम विद्यार्थिनीचीही हीच अडचण. ती सीमा ओलांडून राजुरा-चंद्रपूरकडे वळली तर भाषा ओळखीची मिळते, पण कागद परके होतात. दुसऱ्या राज्यातील मंडळाचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट, रहिवासाचा पुरावा आणि शिष्यवृत्तीची पात्रता या प्रत्येक टप्प्यावर तिला थांबवले जाते. बाबासाहेबांसमोर समुद्र होता. तिच्यासमोर वीस-पंचवीस मैलांचा रस्ता आहे. तरीही तिची जागा कोणत्याच दप्तरात राखलेली नसते.

मुक्त विद्यापीठांनी या अडचणीवर काही प्रमाणात उपाय काढला. हैदराबादेतील मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये सुरू झाले. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. एकाच परिसरातील विद्यार्थ्याला तत्त्वतः तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांतून दूरशिक्षणाची वाट दिसू लागली. नाशिकच्या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी दीर्घकाळ चालवलेला पूर्वतयारी शिक्षणक्रम तर परतणाऱ्यांसाठीच बांधलेली पायरी होती. मात्र दूरशिक्षण घरी पोहोचते तेव्हा ते घरकामाच्या मधोमध पोहोचते. रमाबाईंनी जे घर सांभाळले, ते येथे विद्यार्थिनीलाच सांभाळायचे असते. प्रवेशाचे आकडे मोठे दिसले तरी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला हे पाहिल्याशिवाय दार खरोखर उघडले की नाही, हे ठरवता येत नाही.

येथे न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातील दोन आकडे ध्यानात घेण्यासारखे आहेत. सहा ते चौदा वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांची शाळा सुटली होती. वीस वर्षे व त्यावरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविकाधारकांचे प्रमाण देशात सुमारे ७ टक्के असताना मुस्लिमांमध्ये ते ४ टक्क्यांहून कमी होते. अहवालात नोंदलेली ती मुले आज तिशीच्या आसपास किंवा विशीच्या उत्तरार्धात आहेत. कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेशखिडकीसमोर आज जो प्रौढ विद्यार्थी उभा राहतो, तो पुष्कळदा त्याच आकड्यातला असतो. त्याला प्रवेश देताना 'इतकी वर्षे काय करत होता?' असा प्रश्न विचारणाऱ्याने हे स्मरणात ठेवले पाहिजे.

गॅपचे प्रतिज्ञापत्र आणि सात वर्षांची मुदत

हा प्रश्न केवळ तोंडी विचारला जात नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र घेण्याची पद्धत आहे. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत शिक्षण बंद होते, त्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता आणि खंडाचे कारण अमुक होते, असा त्याचा मजकूर असतो. कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' किंवा 'आर्थिक परिस्थिती' असे दोन शब्द टंकलेखक स्वतःच घालतो. साहित्याच्या अभ्यासकाने या कागदाकडे लक्ष द्यावे. प्रौढ विद्यार्थ्याचे हे पहिले आणि बहुधा एकमेव लिखित आत्मकथन असते, आणि त्याचा सूर कबुलीजबाबाचा असतो. ज्या काळात त्याने घर चालवले, भावंडांची लग्ने केली, आजारी माणसांची सेवा केली किंवा कागझनगरच्या गिरणीत पाळी केली, तो काळ कागदावर 'खंड' या एका शब्दात संपतो.

याच्या उलट आत्मचरित्रांत हीच वर्षे सर्वांत समृद्ध असतात. पार्वतीबाईंच्या कहाणीतून अध्ययनापूर्वीची वर्षे काढून टाकली, तर पुढील कामाचे कारणच नाहीसे होते. सिडनहॅममधील अध्यापन आणि 'मूकनायक'ची सुरुवात (जानेवारी १९२०) या गोष्टी बाबासाहेबांच्या शिक्षणातील 'गॅप'मध्येच घडल्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवी अभ्यासक्रमात मध्येच बाहेर पडण्याची व पुन्हा प्रवेश घेण्याची तरतूद केली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी मिळते. २०२१ पासून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक जमा राहू लागले. जागा राखून ठेवण्याचे तत्त्व, जे १९१७ मध्ये एका प्राध्यापकाच्या शिफारशीवर अवलंबून होते, ते नियमाच्या स्वरूपात आले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु या श्रेयांकांची मुदत साधारणपणे सात वर्षांची आहे. पहिल्या वर्षानंतर लग्न होऊन गेलेली मुलगी धाकटे मूल शाळेत जाऊ लागल्यावर मोकळी होते, तोपर्यंत ही मुदत अनेकदा संपलेली असते. मुदत ठरवताना नोकरी बदलणारा पुरुष डोळ्यासमोर होता की मुले वाढवणारी स्त्री, हा प्रश्न विचारणे भाग आहे. शिवाय बाहेर पडण्याचा मार्ग जितका सोपा केला जाईल, तितकीच परत बोलावण्याची जबाबदारी वाढते. प्रमाणपत्र हातात देऊन निरोप देणारी संस्था पुढच्या वर्षी त्या विद्यार्थिनीच्या घरी पत्र पाठवते काय, यावर या तरतुदीचे यश ठरेल.

निष्कर्ष

१. अभ्यासलेल्या चरित्रांत व आत्मकथनांत शिक्षणाकडे परतणे हे एकट्या व्यक्तीचे कर्तृत्व म्हणून घडलेले नाही. मुन्शी गफ्फार बेग यांची मध्यस्थी, लंडन विद्यापीठाची परवानगी, भथेनांचे कर्ज, रमाबाईंचा संसार, बाया कर्वे यांचे पुण्यातील घर आणि शांताबाईंची नोकरी हे त्या कथांचे मुख्य भाग आहेत. अध्यापनात ते तळटीप म्हणून सांगितले जाऊ नयेत.

२. ज्यांनी व्यत्यय अनुभवला त्यांतील काहींनी पुढे संस्थेची वेळ बदलली. १८५५ ची रात्रशाळा आणि १९४६ नंतरचे सिद्धार्थ महाविद्यालयाचे सकाळचे वर्ग ही त्याची उदाहरणे आहेत. कम्युनिटी कॉलेजच्या वेळापत्रकाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

३. वांकिडीसारख्या सीमावर्ती परिसरात भाषा ही परतण्याच्या मार्गातील पहिली अडचण आहे. पहिल्या सत्रात मराठी, उर्दू किंवा गोंडी या घरच्या भाषेचा आधार घेऊन मग माध्यमाच्या भाषेकडे जाणे शक्य आहे. मारलावाईत १९४३ मध्ये ते करून पाहिले गेले होते.

४. खंडाच्या काळात विद्यार्थ्याने केलेले काम हे ज्ञान आहे. त्याची नोंद 'घरगुती अडचण' या शब्दांत संपवण्याऐवजी भाषेच्या वर्गात त्याच काळावर विद्यार्थ्याकडून सविस्तर निबंध लिहून घेता येईल. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

५. अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, सोडण्याचे कारण, परत येण्याची शक्य तारीख आणि घरी ज्याच्याशी बोलता येईल अशा व्यक्तीचे नाव यांची वही महाविद्यालयाने ठेवावी. प्रत्येक सत्राच्या आरंभी ती वही उघडून पत्रे पाठवावीत आणि जेथे पत्राने काम होणार नाही तेथे प्राध्यापकाने स्वतः जाऊन घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे.